पूर्ण वाजलेलं गाणं : महाबळेश्वरच्या डिस्कोतली एक रात्र

मंडळी, समीक्षा म्हटली की नाटक येतं, कादंबरी येते, फार तर सिनेमा. आज आम्ही महाबळेश्वरच्या एका हॉटेलातल्या तळघराबद्दल बोलणार आहोत. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याला थोडं बोलणारही आहोत. बाजारपेठेपासून चालत जाता येतं, एवढं पुरे. पायऱ्या उतरलं की लाल गालिचा, त्याला चार महिन्यांच्या पावसाचा मुरलेला वास, भिंतींना आरसे, मध्ये खालून दिवे लागणारा काचेचा फ्लोअर आणि वर आरशांच्या तुकड्यांचा फिरता गोळा. नवं काही नाही. ऐंशीच्या दशकात मधुचंद्राला आलेल्या जोडप्यांना जे भारी वाटायचं, ते सगळं जसंच्या तसं ठेवलंय. डीजे पन्नाशी ओलांडलेले, पूर्वी ऑर्केस्ट्राचे लाइट सांभाळायचे. सगळे त्यांना काका म्हणतात, आम्हीही म्हणालो.

रात्रीचा पहिला भाग काकांच्या हाताखालच्या तरुणाचा होता. लॅपटॉपवर तो एकेक गाणं चाळीस सेकंद वाजवायचा. मुखडा झाला, लोकांनी हात वर केले, की लगेच पुढचं. कौशल्य होतंच त्यात, नाही कशाला म्हणा. पण आम्ही कोपऱ्यात बसून मोजत होतो: फ्लोअरवर आलेले बारा जण दहा वाजताही तेच बारा होते. जो आधीच नाचतोय त्याच्यासाठीच ते संगीत होतं.

साडेदहाला काका बसले आणि त्यांनी 'कुर्बानी'तलं नाझिया हसनचं गाणं लावलं. सबंध लावलं. १९८०चा सिनेमा, गाण्याचं संगीत बेंगळुरूत जन्मलेल्या बिद्दूचं, जो तेव्हा लंडनमध्ये डिस्कोतला मोठा माणूस होता, आणि गाणारी मुलगी जेमतेम पंधरा वर्षांची. आमच्या शेजारच्या टेबलावर सांगलीकडचं एक कुटुंब होतं. नणंद उठली. "चला ना वहिनी." वहिनी म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं ताई, मी आलेच." आता मराठी घरात 'आलेच'चा अर्थ काय होतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण गाणं संपेना. पहिलं कडवं गेलं, मधलं संगीत गेलं, वहिनींनी पदर खोचला, मोबाइल नवऱ्याच्या हातात दिला, आणि दुसऱ्या कडव्याला त्या फ्लोअरच्या कडेला उभ्या राहून खांदे हलवत होत्या. चाळीस सेकंदांच्या हिशोबात त्या अजून पदरच खोचत असत्या.

आमचं म्हणणं एवढंच आहे. डिस्को म्हटलं की आपल्याला चकचकीत कपडे आणि मिथुन आठवतो, पण त्याचा खरा शोध आहे लांबीचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी मंडळींच्या नाचघरांत हे संगीत वाढलं. रेडिओची गाणी तीन मिनिटांची. टॉम मोल्टन नावाच्या माणसानं पाहिलं की गाणं बदललं की लोक फ्लोअर सोडतात, म्हणून त्यानं न तुटणारी लांब टेप बनवली. १९७५ साली डॉना समरचं एक गाणं सुमारे सतरा मिनिटांचं, तबकडीची एक सबंध बाजू व्यापणारं आलं. १९७६ला 'टेन पर्सेंट' हे गाणं बारा इंची तबकडीवर विक्रीला आलं, वॉल्टर गिबन्सनं ते ताणून नऊ मिनिटांच्या वर नेलं होतं. मिनिटाला एकशेवीसच्या आसपास ठोके, प्रत्येक मात्रेवर ड्रमचा दणका. ताल न शिकलेल्या माणसालाही तो कधीही धरता येतो आणि चुकला तर पुढच्या ठोक्याला पुन्हा धरता येतो. लाजणाऱ्याला वेळ देणारं संगीत आहे हे.

आपल्याकडे असा वेळ देणारी दुसरी जागा कोणती? मिरवणूक. गणपतीची असो की वरात, ती तासन्‌तास चालते, म्हणून कडेनं चालणारा कारकूनही शेवटी आत ओढला जातो. त्या रात्री फ्लोअरवर नीट पाहिलं तर पावलं मिरवणुकीचीच होती: हात वर, एकमेकांना खेचणं, एकाचा नागीण डान्स. अकराच्या सुमारास गुजराती कुटुंबं उतरली आणि पाच मिनिटांत फ्लोअरवर गोल फिरायला लागला. काकांनी शहाणपणानं ठेका न बदलता आवाज थोडा वाढवला. ही भेसळ आहे असं कुणी म्हणेल. आम्हाला ती त्या रात्रीची सगळ्यात सुंदर गोष्ट वाटली.

दुसरा मुद्दा प्रकाशाचा, आणि तो जास्त गंभीर आहे. आपल्याकडे बाईचं नाचणं म्हणजे कुणीतरी पाहणं, असं समीकरण पक्कं आहे. लावणीत समोर प्रेक्षक. डान्सबारमध्ये तर पाहण्याचेच पैसे. २००५ साली महाराष्ट्रानं मुंबई पोलीस कायदा दुरुस्त करून बारमधल्या नाचावर बंदी आणली, पण तीन तारांकित आणि वरच्या हॉटेलांना सूट ठेवली. म्हणजे नाच सभ्य की असभ्य, हे हॉटेलच्या ताऱ्यांवर! उच्च न्यायालयानं २००६ला ही तरतूद रद्द केली आणि २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. डिस्कोचा आरशांचा गोळा या समीकरणाला वेगळं उत्तर देतो. तो कुणा एकावर झोत टाकत नाही. ठिपके सगळ्यांवर सारखे फिरतात, चेहरा क्षणभर दिसतो न दिसतो. वहिनींना नाचता आलं, त्याला काकांचं गाणं जितकं कारण, तितका हा गोळाही.

म्हणूनच हॉटेलनं भिंतीवर लावलेला भलामोठा स्क्रीन आम्हाला खटकला. गाण्याचा व्हिडिओ सुरू झाला की सगळे भिंतीकडे तोंड करून नाचतात. नाचणाऱ्यांचे पुन्हा प्रेक्षक झाले. तो काढून टाकावा, दुसरा इलाज नाही.

जाता जाता एक गंमत. काकांनी क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लावलं. १९८०चं हे गाणं, त्याच्या बेसवर शिक या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'ची सावली स्पष्ट ऐकू येते. ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारूख बलसारा, इथून वीसेक किलोमीटरवर पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड त्याच शाळेतला. फ्लोअरवर हे कुणाला माहीत असल्याचं दिसलं नाही. नाचायला अडलंही नाही कुणाचं.

राहता राहिलं दार. दारावर पाटी आहे: 'फक्त जोडपी आणि कुटुंबे'. एकट्या पुरुषांना प्रवेश नाही. या नियमामुळे बायका आत निर्धास्त असतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे तो सरसकट उठवा असं म्हणणार नाही. पण त्याच नियमानं ज्या टॅक्सीवाल्यानं त्या कुटुंबाला दिवसभर पॉइंट दाखवले, वेण्णा तलावावर ज्यानं त्यांच्या मुलाला घोड्यावर बसवलं, तो गावातला माणूस बाहेर राहतो. १८८१मध्ये इथं महाबळेश्वर क्लब निघाला, तो सभासदांचा. आजचं तळघर तिकिटाचं. गावच्या पोरांनी नाचायचं ते गणपतीतच. हंगाम नसतो तेव्हा, म्हणजे पाऊस सरल्यावर दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आधी, आठवड्यातली एक रात्र हॉटेलच्या कामगारांना आणि गावातल्या कुटुंबांना मोकळी ठेवायला काय हरकत आहे? काकांना आम्ही हे विचारलं. ते म्हणाले, "मालकांना सांगा. मी गाणी काढून ठेवतो."

प्रश्न असतील तर आता घेऊ.