सोडलेला विषय

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणारे माझे एक स्नेही गेल्या जूनमध्ये एका विद्यार्थिनीला घेऊन प्रयोगशाळेत आले. बारावी झालेली, सीईटी 'पीसीएम' गटातून दिलेली, अभियांत्रिकीचा प्रवेश जवळपास नक्की. पण मधल्या सुट्टीत तिने जनुकांवरची दोन-तीन पुस्तके वाचली आणि मुलीचे मन तिकडे लागले. "आता हिने काय करावे?" स्नेह्यांनी विचारले. मी म्हटले, "आधी सांगा, हिचे जीवशास्त्र कुठे गेले?" ते अकरावीतच सुटले होते. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स घेतले होते, कारण त्यात गुण चांगले पडतात.

बारावीनंतर काय, यावर आपण व्याख्याने ठेवतो, तक्ते लावतो. पण ही निवड बरीचशी दोन वर्षे आधीच उरकलेली असते, आणि तीही निवडून नव्हे, सोडून. डॉक्टर व्हायचे, मग गणित सोडा. इंजिनिअर व्हायचे, मग जीवशास्त्र सोडा. हा सल्ला अगदीच चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. चार विषय, भाषा आणि वर क्लास हे ओझे खरेच आहे. माझी तक्रार एवढीच, की विषय सोडताना कोणती वाट बंद होते, हे त्या मुलांना कोणी सांगत नाही.

पुण्यातील आयसर २००६ साली सुरू झाली. आज देशात अशा सात संस्था आहेत. त्यांच्या प्रवेशपरीक्षेत ६० प्रश्न असतात: भौतिकी, रसायन, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५. अर्ज करायला यांपैकी तीन विषय पुरतात, म्हणजे ही मुलगी पात्र होती. तिला ते ठाऊकच नव्हते, आणि अर्जाची मुदत टळून गेली होती. वैद्यकीयकडची वाट २०२३ साली थोडी रुंद झाली. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीट परीक्षेला बसू देण्याचा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतला. हीदेखील बातमी किती वर्गांत पोहोचली असेल?

गणित सोडणाऱ्याचे नुकसान मला अधिक मोठे वाटते. मेंडेलचा प्रयोग आपण सगळेच शिकवतो. त्याने ७३२४ बिया मोजल्या. ५४७४ गोल निघाल्या, १८५० सुरकुतलेल्या. भागाकार करा, २.९६ येतो. पुस्तकात मात्र ३:१ असे छापलेले असते. मग २.९६ ला ३ म्हणायचे कोणत्या अधिकाराने? २.७ आले असते तर? हजारो बियांऐवजी चाळीसच मोजल्या असत्या तर? याचे उत्तर संभाव्यतेच्या गणितात आहे, आणि आनुवंशिकता शिकणाऱ्या नेमक्या याच विद्यार्थ्याला आपण ते गणित सोडायला लावलेले असते. मेंडेल स्वतः व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकी आणि गणित शिकून आला होता. वाटाणे मोजावेत हे त्याला सुचले यात नवल नाही.

यावर हमखास वेंकटरामन रामकृष्णन यांचे उदाहरण पुढे केले जाते: भौतिकीत डॉक्टरेट, मग जीवशास्त्र, आणि २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल. 'नंतर बदलता येते की!' येते. पण १९७६ साली डॉक्टरेट झाल्यावर ते सॅन डिएगो येथे जीवशास्त्राचे विद्यार्थी म्हणून पुन्हा वर्गात बसले, हा भाग सांगायचा राहतो. घरी पगाराची वाट पाहणारी माणसे असलेल्या मुलाला हे किती जमेल? मीही जीवशास्त्र सोडलेलाच. सत्ताविसाव्या वर्षी, प्रथिनांवर काम सुरू केल्यावर, अकरावीचे पुस्तक उघडून पेशीच्या आकृत्या काढत बसलो होतो. मला शिष्यवृत्ती होती म्हणून निभावले.

राज्य मंडळाच्या बारावीला 'तुरळक विषय' घेऊनही बसता येते. अर्जांच्या परिपत्रकात हे शब्द दरवर्षी असतात. माझे स्नेही ते परिपत्रक कित्येक वर्षे फलकावर लावत आले आहेत. त्यांचा अर्थ या प्रसंगापुरता त्यांच्या त्याच दिवशी ध्यानात आला.

मुलगी अभियांत्रिकीला गेली. जाताना माझे ते जुने अकरावीचे पुस्तक मागून नेले. अजून परत केलेले नाही, आणि मीही मागितलेले नाही.