घरातला वस्ताद : ‘दंगल’मधील बाप

नितेश तिवारी यांच्या ‘दंगल’ची (२०१६) चर्चा मुख्यतः आमिर खानचे वजन आणि मुलींची बरोबरी याभोवती फिरली. मला महत्त्वाचा वाटतो तो निवेदक. कथा महावीर फोगाट सांगत नाही, गीता-बबिताही सांगत नाहीत. सांगतो पुतण्या ओमकार. त्याच्या मिस्कील सुरामुळे पहाटे पाचची धाव, कापलेले केस, बंद झालेले चटकदार खाणे हे सगळे हशाचे विषय होतात. रडणे मुलींचे आणि सांगणे दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे.

मुलींची तक्रार चित्रपट ऐकतो, पण लगेच निकालात काढतो. मैत्रिणीच्या लग्नात चौदा वर्षांची नवरीच त्यांना समजावते, की तुमचा बाप निदान तुमचा विचार तरी करतो. प्रसंग गलबलून टाकणारा आहे, युक्तिवाद मात्र फसवा. बालविवाह वाईट, म्हणून बळजबरीची तालीम चांगली ठरत नाही. आमच्या देवगाव फाट्यावर चहाच्या टपरीवर हाच युक्तिवाद मी ऐकतो. पोराला मैदानावर झोडपणाऱ्या बापाला कुणी हटकले, की ‘दंगल’चा दाखला तयार असतो. गीताचे सुवर्ण सगळ्यांना पाठ आहे. ज्यांना पदक मिळाले नाही त्या पोरांवर चित्रपट निघत नाही.

पटकथेला हे अगदीच कळत नाही असे नाही. महावीर एकदा बायकोजवळ कबूल करतो, की एका वेळी गुरू तरी होता येते किंवा बाप तरी. चित्रपटातले हे सर्वांत खरे वाक्य. पण त्यातून निघणारा प्रश्न, म्हणजे गुरूपण दुसऱ्याच्या हाती सोपवायचे का, पटकथा टाळते. त्यासाठी पतियाळाचा प्रशिक्षक हास्यास्पद आणि कपटी रंगवला आहे. त्याचे ऐकले की गीता हरते, बापाचे ऐकले की जिंकते. अंतिम लढतीच्या वेळी बापाला खोलीत कोंडण्याचा प्रकारही कल्पित. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतली ५५ किलोची ती लढत गीताने सहज जिंकली होती. पडद्यावर ती शेवटच्या क्षणापर्यंत ताणली, कारण बापाची आठवण नेमकी तिथे यायला हवी होती.

आपल्याकडच्या तालमीने या प्रश्नावर जुनाच तोडगा काढला आहे : पोर वस्तादाच्या स्वाधीन करायचे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे घ्या. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान. पहिले डाव घरचेच. पण पुढे मुलगा पुण्याला हरिश्चंद्र बिराजदारांच्या गोकुळ वस्ताद तालमीत गेला. बिराजदार म्हणजे १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णविजेते. २०११ मध्ये ते गेल्यावर काका पवारांनी राहुलला घडवले. २०१८ चे राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ चे जागतिक कांस्य यांत बापाचा वाटा थोडा नाही, पण त्याने लगाम वेळेवर सोडला. (मराठवाड्यातल्या या बापलेकांवर अजून कुणाला पटकथा सुचलेली नाही.)

क्रिकेटमध्येही हीच विभागणी दिसते. रमेश तेंडुलकर कवी, मराठीचे प्राध्यापक; कडकपणा आचरेकर सरांकडे. सराव सामना बुडवून शाळेच्या दुसऱ्या संघाचा सामना पाहायला गेल्यावर सरांनी कशी थप्पड मारली, हे सचिननेच सांगितले आहे. त्या थपडेचे समर्थन मी करणार नाही. पण ती मारणारा माणूस रात्री जेवायला शेजारी बसत नव्हता, एवढा फरक मोठा आहे.

‘नवाकाळ’कार नीळकंठ खाडिलकरांचे उदाहरण निराळे. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुली बुद्धिबळात राष्ट्रीय विजेत्या झाल्या. तेराव्या वर्षी, १९७६ मध्ये, रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. इथे भांडण नियमांशी होते, पोरीशी नव्हे.

‘दंगल’मध्ये पोरीशीच एक लढत आहे. पतियाळाहून परतलेली गीता घरच्या आखाड्यात, सर्वांसमोर, म्हाताऱ्या होत चाललेल्या बापाला चीत करते. कुठलाही वस्ताद अशा दिवशी फेटा उडवील. इथे मात्र बबिता तिच्यावर रुसते, पार्श्वसंगीत दुःखी होते आणि पुढचे पराभव जणू त्याच अपराधाची शिक्षा म्हणून येतात. अखेर गीता फोन करते, रडते, माफी मागते. पलीकडे बापाचेही डोळे भरतात. केसांबद्दल तो काही बोलत नाही.