‘गमावलेले विजय’ आणि गाळलेला हिवाळा

आज ज्या पुस्तकाविषयी बोलायचं आहे त्याचं नाव ‘फेरलोरेने झीगे’, म्हणजे ‘गमावलेले विजय’. लेखक जर्मन फील्ड मार्शल एरिश फॉन मानस्टाइन. १९५५ साली ते जर्मनीत निघालं, १९५८ मध्ये इंग्रजीत आलं. इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना कुणाची, तर ब्रिटिश युद्धलेखक लिडेल हार्ट यांची. कालच्या शत्रुपक्षातलाच माणूस पाठीशी उभा राहतो म्हटल्यावर वाचकाचा विश्वास बसणारच.

आणि लष्करी भाग खरोखर वाचण्यासारखा आहे. १९४० मध्ये आर्डेनच्या जंगलातून रणगाडे घुसवून फ्रान्सची फळी फोडायची, ही कल्पना मुख्यतः त्याची. जुलै १९४२ मध्ये त्याने सेवास्तोपोल घेतलं आणि तो फील्ड मार्शल झाला. स्टालिनग्राडनंतर दक्षिण आघाडी कोसळत असताना, मार्च १९४३ मध्ये, त्याने खारकोव्ह परत मिळवलं. नकाशा समोर ठेवून वाचलं तर त्याची नजर किती लांबची होती ते कळतं.

पण शीर्षक नीट ऐका. विजय गमावले, ते कुणी? त्याच्या मते मुख्यतः हिटलरने. आता स्टालिनग्राडच घ्या. सहावं सैन्य वेढ्यात सापडलं तेव्हा, नोव्हेंबर १९४२ च्या अखेरीस, त्याने ताबडतोब बाहेर पडण्याचा आग्रह धरला नव्हता. डिसेंबरमध्ये सुटकेची मोहीम अडली, तेव्हाही पाउलुसला हिटलरला डावलून बाहेर पडण्याचा स्पष्ट हुकूम त्याने दिला नाही. पुस्तकात मात्र दोषाचा काटा सतत एकाच दिशेला झुकतो.

हे एक वेळ सोडून देऊ. आपल्या चुका झाकणारे सेनापती काही थोडे नाहीत. माझा खरा आक्षेप क्रिमियाच्या प्रकरणावर आहे. १९४१ च्या हिवाळ्यात तिथे अकराव्या सैन्याचा प्रमुख तोच होता. २० नोव्हेंबरला त्याच्या सहीने हुकूम निघाला : ज्यू-बोल्शेविक व्यवस्था कायमची नष्ट झाली पाहिजे, आणि ज्यूंना मिळणारी कठोर शिक्षा सैनिकांनी समजून घेतली पाहिजे. डिसेंबरमध्ये सिम्फेरोपोल इथे दहा हजारांहून अधिक ज्यू मारले गेले. मारणारं पथक एसएसचं. ट्रक आणि माणसं पुरवली सैन्याने. खंदक, तोफा, बर्फ यांवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या या पुस्तकात त्या हुकुमाला जागा नाही. आणि तो त्याच्यासमोर कधी आलाच नव्हता असंही नाही. १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला तो दाखवण्यात आला, तेव्हा ‘आठवत नाही’ असं त्याने सांगितलं होतं.

१९४९ मध्ये हँबुर्गच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयाने काही आरोपांतून त्याला सोडलं, काहींत दोषी धरलं. शिक्षा १८ वर्षांची. ती १२ वर आली, आणि १९५३ मध्ये तो बाहेर होता. दोन वर्षांनी पुस्तक आलं. तेव्हा पश्चिम जर्मनी नवं सैन्य उभारत होता. लढण्यात हुशार आणि हाताने स्वच्छ असे सेनापती सगळ्यांनाच हवे होते.

काहीजण म्हणतात, डावपेच वेगळे आणि गुन्हे वेगळे. आपण डावपेच शिकावेत. मला हे पटत नाही. सिम्फेरोपोल जर्मनांच्या हाती आलं ते याच सैन्याच्या विजयाने, आणि त्या विजयामागोमाग मारेकरी आत आले. मग पुस्तक वाचताना आपणही हळहळायचं का, की असे आणखी विजय त्याच्या हातून निसटले? पुस्तक जरूर वाचा. फक्त क्रिमियाचं प्रकरण वाचताना २० नोव्हेंबरचा तो हुकूम शेजारी ठेवा.