किडीचा वाटा

आपल्याकडे शास्त्रीय वाङ्मयाचा विचार सुरू झाला की टीकाकाराची दृष्टी बहुधा आकाशाकडे वळते. केंब्रिजला शिकलेले विश्वशास्त्र मराठी कथेत उतरविणाऱ्या जयंत नारळीकरांना १९९६ मध्ये युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा. २०२५ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांच्या लेखनावर पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु परदेशांतून आलेल्या शास्त्राचे दुसरेही एक वाङ्मय आहे व त्याची समीक्षा कोणी केल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. ते कापसाच्या बियाण्याच्या पाकिटावर आणि कीटकनाशकाच्या बाटलीवर छापलेले असते. पैनगंगेच्या दक्षिणेस, कापसावर जगणाऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात, दर मृगाला ते घरोघर पोहोचते. नारळीकरांची कथा नीट समजली नाही तर वाचकाचा आनंद हुकतो. येथे हंगाम हुकतो, प्रसंगी प्राणही जातो.

या पाकिटातील शास्त्र मोठा प्रवास करून आले आहे. १९०१ मध्ये जपानात इशिवाता यांनी रेशमाच्या किड्यांना मारणारा एक जिवाणू ओळखला. १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना तोच पिठातील पतंगाच्या अळीत आढळला आणि थुरिंगिया प्रांताचे नाव त्याला चिकटले. पुढे अमेरिकेत त्याचे जनुक कापसात घालण्यात आले, जालन्याच्या महिको कंपनीच्या द्वारे ते वाण आपल्याकडे आले व मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने त्यास परवानगी दिली. बोंडअळीने या पऱ्हाटीचा घास घेतला की ती मरते. हे इतके सर्वांना समजले, कारण यात समजावून सांगण्यासारखे फारसे नव्हतेच.

खरी कसोटी पुढे होती. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या सरकीची एक वेगळी पुडी येत असे. ती शेताच्या सभोवार पाच ओळींत किंवा वीस टक्के क्षेत्रात, जे अधिक भरेल तितक्यात, पेरावयाची होती. कारण असे की, लाखांतील एखादी अळी या विषाला पुरून उरतेच. तिचा पतंग झाल्यावर त्याला जोडीदारही तसाच भेटला, तर पुढची सारी प्रजा विषाला न जुमानणारी निपजते. जवळच साध्या पऱ्हाटीवर वाढलेले विपुल पतंग असले, तर त्यांच्याशी झालेल्या संकरातील अळी पुन्हा विषाने मरते. म्हणजे विषाचा गुण टिकावा म्हणून थोडे पीक किडीला खाऊ द्यावयाचे! विचार उलटा वाटणारा, पण सुंदर आहे.

या सुंदर विचाराला आपण शब्द कोणता दिला? ‘रेफ्युजी’. इंग्रजीत किडीच्या आसऱ्याला जो शब्द होता त्याचे हे बोली रूप. आणि मराठी कानाला त्याचा अर्थ एकच, निर्वासित. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, कागझनगरच्या बाजूस, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. तेथील माणसाला हा शब्द चांगलाच ठाऊक. मात्र सरकीची पुडी निर्वासित कशी, याचा उलगडा कोणी करावा? पुष्कळ पुड्या धुऱ्यावर टाकून देण्यात आल्या. दोष केवळ शब्दाचा नव्हे, हे कबूल केले पाहिजे. थोडकी जमीन असलेल्याने पाचवा हिस्सा अळीला का द्यावा, हा प्रश्न शब्दाने सुटत नाही. पुडीतील सरकीही नेहमी चांगली नसे. तथापि ज्याचे कारणच कळले नाही ते कोण पाळणार? २००९-१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या वाणाला दाद देईनाशी झाली, पुढे दोन जनुकांच्या वाणालाही. अखेर साधी सरकी मूळ पाकिटातच मिसळून विकण्यास सरकारने मान्यता दिली. समजावणे जमले नाही, म्हणून समजण्याची गरजच काढून टाकली.

परकीय शास्त्र मराठीत रुजतच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय ग्रंथांच्या आधाराने ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत सिद्ध केली ती १८६० मध्ये. त्यांवरून निघालेल्या पंचांगामुळे ते गणित देवळांच्या भिंतीपर्यंत गेले. गणित नवे होते. तिथी, ग्रहण, एकादशी हे घर जुने होते. पाकिटावरच्या लेखकाला असे घर सापडले नसते काय? जेवणापूर्वी काढून ठेवलेला गोग्रास, श्राद्धातला काकबळी आपल्या प्रत्येक घराला परिचित आहे. ‘किडीचा वाटा’ एवढे दोन शब्द त्या पुडीवर छापले असते तर निदान प्रश्न तरी योग्य विचारला गेला असता. ही उपमाही पुरती जुळत नाही, कारण काकबळी श्रद्धेने द्यावयाचा आणि हा वाटा धूर्तपणाने; पण तो भेद शेतकऱ्याला सांगावा लागत नाही.

बाटलीवरचे वाङ्मय अधिक घातक आहे. त्यावरील टोकावर उभ्या चौकोनाचा खालचा त्रिकोण रंगीत असतो: लाल म्हणजे अति जहाल, पिवळा त्याखालचा, मग निळा, शेवटी हिरवा. हा क्रम कोणत्या लोकव्यवहारातून घेतला? कुंकवाचा आणि हळदीचा रंग आपल्या संसारात मंगल. आणि निळा हिरव्याहून विषारी, हे कोणी सांगितल्याशिवाय कळावे कसे? घडीच्या पत्रकावर अक्षर मुंगीएवढे, भाषा ‘संरक्षक वस्त्रे परिधान करावीत’ अशा थाटाची. परिधान देवाने पीतांबर करावा; पाठीवर पंप घेऊन छातीइतक्या पऱ्हाटीत शिरणाऱ्या मजुराला ‘अंग झाक, तोंड बांध, वाऱ्याकडे पाठ कर’ असे सांगावे लागते. २०१७ च्या हंगामात पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली. त्यांपैकी किती जणांनी पत्रक उलगडले असेल?

कायद्याने हे पत्रक हिंदी, इंग्रजी व त्या भागातील एक-दोन भाषांत असावे लागते. आदिलाबादेत तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि लंबाडी बोलली जाते. येथेच १९४३ च्या सुमारास, व्हिएन्नात जन्मलेल्या फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाईला गोंड मुलांची शाळा निघाली तेव्हा वाचनपुस्तके गोंडी भाषेत, पण देवनागरी लिपीत काढण्यात आली. एका भाषेला दोन-तीन लिप्यांत नांदविणाऱ्या आपल्या कोंकणी वाचकांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगावयास नको. त्या परक्या माणसाने आधी वाचकाकडे पाहिले होते.

मूळ ग्रंथ दुर्बोध असला म्हणजे भाष्यकाराचे महत्त्व वाढते. या वाङ्मयाचा भाष्यकार कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसलेला असतो. तो तिन्ही भाषा बोलतो, बाटली हातात देऊन ‘पंपाला दोन टोपणे’ एवढे एका वाक्यात सांगतो, आणि त्याचे पोट त्या बाटलीच्याच खपावर असते.