नाव, माध्यम आणि प्रकाश : हळदणकरांच्या एका चित्राचे रसग्रहण

आपले आवडते चित्र दुसऱ्याला सांगणे ही वरवर सोपी वाटणारी, परंतु रसास्वादाच्या दृष्टीने कसोटी पाहणारी गोष्ट आहे. आवडते पुस्तक दुसऱ्याच्या हाती देता येते, आवडती कविता म्हणून दाखविता येते. चित्राच्या बाबतीत मात्र आपण बहुधा त्याची छापील प्रतिकृती पुढे करतो आणि चित्रकाराचे नाव सांगतो. मूळ चित्र दूर कुठेतरी भिंतीवर असते. त्यामुळे चित्राच्या आस्वादात नावाला जे वजन प्राप्त होते, ते साहित्याच्या आस्वादात क्वचितच असते. हे नाव चुकले तर काय बिघडते, असा प्रश्न प्रस्तुत लेखात एका चित्राच्या आधारे विचारावयाचा आहे.

मराठी प्रदेशाबाहेर मराठी शिकविताना मी एकदा विद्यार्थ्यांना आपापल्या आवडत्या चित्राचे वर्णन लिहून आणण्यास सांगितले होते. तिघांनी एकच चित्र निवडले : हातात दिवा घेऊन उभी असलेली, दुसऱ्या हाताने त्याच्या ज्योतीला आड करणारी तरुणी. तिघांनीही चित्रकार म्हणून राजा रविवर्मा यांचे नाव लिहिले होते. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नव्हता. या चित्राची एक दिनदर्शिका आमच्या घरी होती, आणि ते रविवर्म्यांचे तैलचित्र आहे अशीच माझीही समजूत कित्येक वर्षे होती.

वस्तुस्थिती अशी की, हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या इंग्रजी नावाने ते ओळखले जाते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलासंग्रहाचे ते सर्वांत लोकप्रिय चित्र ठरले. ते १९४५-४६ च्या सुमारास रंगविले गेले आणि त्यासाठी चित्रकाराची कन्या दिवा घेऊन उभी राहिली होती. रविवर्म्यांचे निधन १९०६ साली झाले, म्हणजे हे चित्र त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी जन्मास आले. शिवाय ते तैलरंगातील नसून जलरंगातील आहे. सावंतवाडीत जन्मलेल्या, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या आणि १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढून पिढ्या घडविणाऱ्या हळदणकरांचे जलरंगावरील प्रभुत्व त्यांच्या हयातीतच मान्यता पावले होते.

मग ही चूक इतकी दृढ का झाली? पहिले कारण स्थळाचे आहे. त्याच राजवाड्यात रविवर्म्यांची चित्रे आहेत. म्हैसूर दरबाराशी त्यांचा संबंध होता आणि तेथे येणारा प्रेक्षक त्यांचेच नाव मनात घेऊन येतो. दुसरे कारण अधिक खोल आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आपल्या छापखान्यातून रविवर्म्यांनी चित्र घराघरांत पोहोचविले. साडी नेसलेली, देखणी, शांत मुद्रेची भारतीय स्त्री वास्तवदर्शी शैलीत दिसली की, ती रविवर्म्यांचीच असणार असे समीकरण त्यामुळे लोकमानसात तयार झाले. एका चित्रकाराचे नाव अशा प्रकारे एका संपूर्ण शैलीचे नाव बनते.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया अपरिचित नाही. नामदेवांच्या गाथेत उत्तरकालीन विष्णुदास नाम्याची रचना मिसळली, हे संशोधकांनी दाखविले आहे. तुकारामांच्या नावावरील प्रक्षिप्त अभंगांची चर्चाही जुनीच आहे. थोर नाव लोहचुंबकासारखे आजूबाजूची अनाम रचना स्वतःकडे ओढून घेते. येथे एक भेद मात्र ध्यानात घ्यावयास हवा. संतपरंपरेत नंतरचा कवी अनेकदा स्वतःच पूर्वसुरीच्या नाममुद्रेचा आश्रय घेतो, त्यात भक्तिभाव असतो. हळदणकरांनी कोणाच्या नावाचा आश्रय घेतलेला नाही. त्यांचे नाव इतरांनी पुसले, आणि तेही त्यांच्या चित्रावरील प्रेमापोटी पुसले.

आता चित्राकडे वळू. तरुणी उभी आहे. तिच्या मागे साधी भिंत आणि भिंतीवर तिचीच मोठी सावली. अंगावर फिकट रंगाची साडी. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीपुढे. त्या प्रकाशाने बोटांच्या कडा आतून पेटल्यासारख्या तांबूस झाल्या आहेत. तोच प्रकाश तिच्या चेहऱ्यावर आणि साडीच्या चुण्यांवर जाऊन ठरला आहे. ज्योतीपेक्षा ज्योतीचा परिणाम आपल्याला अधिक दिसतो. पौराणिक प्रसंग नाही, दागदागिन्यांचा भार नाही, हंस नाही, कमळ नाही. रविवर्म्यांनीही सामान्य जीवनातील स्त्रिया चित्रित केल्या आहेत, हे मान्य केले तरी त्यांच्या लोकप्रिय स्त्रीप्रतिमा बहुतांशी दमयंती, शकुंतला अशा नावांनी आणि कथांनी आपल्यासमोर येतात. हळदणकरांची ही स्त्री कोणत्याही कथेतून आलेली नाही. दिवेलागणीच्या वेळी घरातून अंगणातल्या तुळशीपर्यंत दिवा नेताना वाऱ्यापासून त्याला जपणारा हात मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे. चित्राला ‘आशा’ हा अर्थ त्याच्या शीर्षकाने दिला. परंतु त्या अर्थाआधी तेथे एक साधी, नित्याची कृती आहे : दिवा विझू न देणे.

हा दिवा जलरंगात रंगविलेला आहे, ही माहिती केवळ सूचीत नोंदविण्यापुरती नाही. तैलरंगात प्रकाश बाहेरून आणता येतो. गडद रंगावर फिकट रंग चढविता येतो, उजळ भाग अखेरीस मांडता येतो, चुकल्यास खरवडून पुन्हा रंगविता येते. पारदर्शक जलरंगाची रीत याच्या उलट आहे. तेथे सर्वांत उजळ जागा म्हणजे कागदाचा पांढरेपणा. तो वरून लावता येत नाही, राखावा लागतो. चित्रकाराला आरंभीच ठरवावे लागते की प्रकाश कोठे राहणार, आणि मग त्या जागेभोवतीचा अंधार पातळ थरांनी गडद करीत न्यावा लागतो. एक थर अनवधानाने पुढे सरकला तर तेथला उजेड गेलाच. त्यातून या चित्राचा बराचसा भाग अंधाराचा आहे, आणि जलरंगात गढूळ न होऊ देता अंधार साधणे ही स्वतंत्रच परीक्षा आहे.

हे एकदा ध्यानात आले की, चित्रातील हात निराळा दिसू लागतो. ती तरुणी जे ज्योतीच्या बाबतीत करीत आहे, तेच चित्रकार कागदाच्या बाबतीत करीत आहे. दोघेही प्रकाश निर्माण करीत नसून तो सांभाळीत आहेत. चित्राचा विषय आणि चित्राची रीत येथे एकमेकांत मिसळून गेली आहेत. मर्ढेकरांनी कलेच्या माध्यमाचा प्रश्न मराठी सौंदर्यविचाराच्या केंद्रस्थानी आणला. साहित्याच्या चर्चेत आपण तो गिरवितो, पण चित्रापुढे उभे राहिल्यावर विसरतो. हे चित्र रविवर्म्यांचे तैलचित्र समजणाऱ्याला देखणी स्त्री दिसेल, प्रकाशाची किमयाही दिसेल. राखलेला प्रकाश मात्र दिसणार नाही. नाव चुकले म्हणजे केवळ श्रेय चुकत नाही, पाहणेही चुकते.

युरोपीय चित्रकलेतील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. फ्रान्समधील रेन येथील संग्रहालयात ‘नवजात शिशू’ या नावाने ओळखले जाणारे सतराव्या शतकातील चित्र आहे. त्यातही एक स्त्री मेणबत्तीच्या ज्योतीपुढे हात धरून आहे आणि आडोशातून येणारा उजेड मातेच्या मांडीवरील बाळावर पडला आहे. जॉर्ज द ला तूर (१५९३–१६५२) हा त्याचा चित्रकार मृत्यूनंतर विस्मरणात गेला आणि त्याची चित्रे दुसऱ्यांच्या नावावर वावरू लागली. १९१५ साली हेर्मान फॉस या जर्मन कलेतिहासकाराने काही चित्रे पुन्हा त्याच्या नावे लावली. त्यानंतर एकेका चित्रावरून दुसऱ्याची ओळख पटत गेली आणि एक संपूर्ण चित्रकार हळूहळू उभा राहिला. चित्र सुटे होते तोवर ते सुंदर होते. नाव लाभल्यावर ते एका दृष्टीचा भाग झाले. दोन चित्रांतील भेदही लक्षणीय आहे. ला तूरच्या चित्रातील प्रकाश बाळासाठी आहे. हळदणकरांच्या चित्रात दुसरे कोणीच नाही. जिने दिवा जपला, तिच्याच मुखावर तो प्रकाश परततो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. चित्रकाराचे नाव ठाऊक नसताना म्हैसूरला या चित्रापुढे लोक थबकत आले. त्यांचा आस्वाद खोटा होता काय? मला तसे वाटत नाही. नावाची पाटी वाचून पुढे जाणाऱ्या जाणकारापेक्षा नाव न वाचता खिळून राहिलेला प्रेक्षक चित्राच्या अधिक जवळ असतो. पण हा युक्तिवाद अनामिकतेला लागू पडतो, चुकीच्या नावाला नाही. नाव ठाऊक नसलेला प्रेक्षक चित्राकडे पाहतो. चुकीचे नाव ठाऊक असलेला प्रेक्षक त्या नावाकडून जे अपेक्षित असते तेच पाहतो आणि समाधानाने परततो. माझे स्वतःचे कित्येक वर्षे असेच झाले होते.

त्या तिघा विद्यार्थ्यांचे लेखन मी चित्रकाराचे नाव आणि माध्यम तेवढे सुधारून परत केले आणि वर्णन पुन्हा लिहिण्यास सांगितले. दुसऱ्या लेखनात तरुणीच्या रूपाविषयीची वाक्ये कमी झाली होती. बोटांविषयीची वाढली होती. एकाने भिंतीवरील सावलीविषयी लिहिले होते, जी पहिल्या वर्णनात नव्हतीच. चित्र तेच होते. मराठी प्रदेशाबाहेर एका मराठी चित्रकाराची कृती अमराठी रसिकांनी इतक्या आपुलकीने जपली, ही कृतज्ञतेने नोंदवावी अशी गोष्ट आहे. त्या आपुलकीला योग्य नाव जोडून देणे एवढे काम आपल्याकडे उरते. आवडते चित्र दुसऱ्याला दाखविताना ते कोणाचे, कशात रंगविलेले आणि कोठे आहे, एवढे तीन तपशील सांगण्याची सवय लागली, तरी या कामाचा आरंभ होईल.