टेबल टेनिसच्या टेबलावरची मोना

‘थ्री इडियट्स’मधला बाळंतपणाचा प्रसंग आमच्या जमातीचा, म्हणजे इंजिनिअर लोकांचा, फार लाडका. मुसळधार पावसात दिल्लीचे रस्ते तुंबलेत, अँब्युलन्स पोचत नाहीये. डायरेक्टरसाहेबांची मुलगी मोना कॉलेजातल्या टेबल टेनिसच्या टेबलावर कळा सोसतेय आणि तिची डॉक्टर बहीण पिया वेबकॅमवरून सूचना देतेय. लाईट जाते तेव्हा रँचोचा इन्व्हर्टर कामाला येतो. मोनाची ताकद संपते तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरपासून बाळ ओढायचं यंत्र तयार होतं. बाळ हलत नाही, तर त्यालाही ‘ऑल इज वेल’ ऐकवलं जातं.

पटकथा म्हणून काम चोख आहे. आधी पेरलेली प्रत्येक गोष्ट इथे उगवते. २००९ साली थिएटरात टाळ्या पडल्या, आजही रील्समध्ये हा सीन फिरतो. माझी तक्रार वेगळी आहे. अडचण आली की जुगाड, पुन्हा अडचण, पुन्हा जुगाड, या चढाओढीत बाळंत होणारी बाई फक्त ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’ होऊन बसते.

यंत्राची कल्पना थापेबाजी नाही. स्वीडनच्या टागे माल्मस्ट्रॉम यांनी १९५० च्या दशकात बनवलेल्या व्हॅक्यूम कपची पुढची रूपं आजही लेबर रूममध्ये वापरतात. अर्जेंटिनाच्या खोर्खे ओडोन या मोटार मेकॅनिकला तर बाटलीत पडलेलं बूच बाहेर काढायच्या युक्तीवरून प्रसूतीचं एक साधन सुचलं. म्हणजे हिरानींचा रँचो अगदीच हवेतला नाही. पण गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलंय का, डोकं पुरेसं खाली आलंय का, त्याची दिशा कोणती, हे सगळं हातांनी तपासून कळतं. वेबकॅमला बोटं नसतात. दोन-तीनदा ओढूनही बाळ सरकलं नाही तर थांबायचं, हेही कौशल्यच. सिनेमात थांबायला कुणाला वेळ आहे?

गंमत म्हणजे याच सीनमध्ये एक गोष्ट नकळत बरोबर घडते. मोना एकटी नाही. पिया लॅपटॉपवरून का होईना, तिच्यासोबत शेवटपर्यंत आहे. हिंदी सिनेमाची जुनी रीत म्हणजे बंद दार, बाहेर येरझाऱ्या घालणारा नवरा आणि ‘गरम पानी लाओ’. (त्या पाण्याचं पुढे काय होतं, देव जाणे.) इथे ते दार उघडलं. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतल्या २६ अभ्यासांमधून १५ हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र तपासली होती. कळांच्या काळात कुणीतरी सतत सोबत असेल, तर नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते, सिझर कमी होतात, कळांचा काळही थोडा आटोपता होतो, असं त्यात दिसलं. जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून सांगतेय की बाईला हवी ती व्यक्ती तिच्यासोबत असू द्या. आपल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही बर्थ कंपॅनियन आहे. तरी कितीतरी ठिकाणी आई किंवा सासू बाहेरच्या बाकावरच बसलेली असते. कारण अनेकदा साधं असतं. दोन खाटांमध्ये पडदाच नसतो.

पडदा टांगण्यावर मात्र क्लायमॅक्स उभा राहत नाही. त्यामुळे सोबत पियाची आणि टाळ्या पंपाला.

न हलणाऱ्या बाळाचं मात्र खरंच खटकतं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळ श्वास घेत नसेल तर काय करायचं, हे त्यांना सराव करवून शिकवलं. ३९ गावांतल्या त्यांच्या कामाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तिथे घोषणा नव्हती, ठरलेल्या क्रमाने केलेल्या कृती होत्या. तो क्रम पडद्यावर दाखवला असता तर थरार तसूभरही कमी झाला नसता.

आणि बाळाने लाथ मारल्यावर पुढे काय? सगळी खोली बाळाभोवती गोळा होते. आजोबा विरघळतात, रँचोला ते खास पेन मिळतं. पण बाळंतपण अजून संपलेलं नाही. वार पडायची आहे. आपल्याकडे बाळंतिणी दगावण्याच्या मोठ्या कारणांत रक्तस्राव आहे आणि त्याचा धोका नेमका याच वेळी सुरू होतो. तो टळावा म्हणून दवाखान्यात बाळ बाहेर आल्याबरोबर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. इथे इंजेक्शन नाही, बाहेर पाणी साचलेलं. मोनाची वार कधी पडली, रक्त किती गेलं, तिला दवाखान्यात कुणी आणि कधी नेलं, सिनेमा काहीच सांगत नाही.