जाणत्यांची रात्र

पेसाह या ज्यूंच्या सणाच्या रात्री घरोघरी वाचली जाणारी हग्गादा मुलाच्या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी सांगितली जाते, म्हणून ती मुलांची पोथी समजतात. 1874 साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात निघालेली बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, हग्गादा मला मोठ्या माणसांची पाठशाळा वाटते. मोझेस जेकब तळकर आणि ॲरन डॅनियल तळकर यांनी ती सिद्ध केली. मूळ हिब्रू आणि सोबत मराठी. चित्रात बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत.

मुलाला उत्तर मिळतं न मिळतं तोच पोथी मोठ्यांकडे वळते. सगळे विद्वान असोत, धर्मशास्त्र कोळून प्यालेले असोत, मिसरातल्या गुलामीतून सुटल्याची कथा त्यांनीही सांगायचीच, असं ती बजावते. मग येतो बने ब्राक या गावचा प्रसंग. पाच रब्बी रात्रभर ही कथा उलगडत बसलेत, शेवटी शिष्य येऊन सांगतात की पहाटेच्या ‘शमा’ प्रार्थनेची वेळ झाली. बस, एवढंच. कोण काय बोललं, याचा एक शब्द नाही! ती चर्चा पुढ्यात वाढली असती तर आपण ऐकून तृप्त झालो असतो. पोथी ती राखून ठेवते आणि सेदरला, म्हणजे त्या रात्रीच्या भोजनविधीला, बसलेल्यांवर सोपवते. त्या पाचांत अकिवा आहे. परंपरा सांगते की चाळिशीपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. इथे तो एलिएझर आणि यहोशुआ या आपल्या गुरूंच्या पंक्तीला बसला आहे.

पाठोपाठ त्यांतलाच एलाझार बेन अझर्या कबूल करतो, की सत्तरीला टेकल्यासारखा झालो तरी एका वचनाचा अर्थ मला लागला नव्हता, बेन झोमाने तो उलगडला. या बेन झोमाला रब्बी ही पदवी कधीच मिळाली नाही. पोथीतली ही जागा मला सर्वांत श्रीमंत वाटते.

कोकणातल्या शनवार तेल्यांकडे, म्हणजे याच बेने इस्राएलांकडे, येशिवा ही धर्मपाठशाळा नव्हती. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, सुंता करायची, ‘शमा’ म्हणायचा, एवढं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं. कथा सविस्तर हाती आली ती पुस्तकांतून. 1846 साली मुंबईत मराठी अनुवादासह हग्गादा निघाली होती, पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हिब्रू उजवीकडून वाचायची, मराठी डावीकडून. दोन्ही वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीशी थांबावंच लागतं, आणि अभ्यासाला ते थांबणं हवंच असतं.

आज समाजातले बहुतेक इस्रायलला गेले. उरलेल्यांपैकी बरेच ठाण्यात आणि मुंबईच्या उपनगरांत राहतात. त्यांतल्या मुलुंडकरांना 1879 चं ठाण्याचं शाआर हशामायीम सिनेगॉग जवळचं. त्यांनी सेदरला हिब्रूबरोबर तळकरांची मराठीही मोठ्याने वाचावी आणि बने ब्राकपाशी थांबून आपापला अर्थ मांडावा, अशी माझी फार इच्छा आहे. पोथीने ती जागा त्यांच्यासाठीच मोकळी ठेवली आहे.